जिबूतीचे भाडेकरू

गेल्या अंकात तांबड्या समुद्रातली जहाजं आफ्रिकेला वळसा का घालतात, यावर मी पानभर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत एकाच गावाचं नाव आहे, ते म्हणजे जिबूती. आफ्रिकेच्या कोपऱ्यावर, तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेला हा छोटा देश, राजधानीचं नावही तेच. जहाजाच्या इंजिनरूममध्ये आयुष्य काढून आता रंकाळ्यावर फेऱ्या मारणाऱ्या माणसाला जगाचं राजकारण विचारायचं धाडस कोल्हापूरकरच करू जाणे. विचारलंय तर सांगतो. काही पत्रं लांबलचक होती, ती कापून घेतली आहेत.

आमची शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे. पंपाचं आणि व्हॉल्व्हचं कास्टिंग न्हावाशेवाहून इटलीला जातं. माल पोचायला दहा-बारा दिवस जादा लागतात आणि भाडं कधी काय होईल याचा नेम नाही. जिबूतीत अमेरिका, फ्रान्स, चीन, जपान, इटली अशा सगळ्यांचे तळ आहेत म्हणे. एवढी फौज उशाला असताना ड्रोन उडवणारी चार माणसं आवरत कशी नाहीत?
– एक फौंड्रीवाले, शिरोली

मालक, ती फौज तुमच्या कंटेनरसाठी बसलीय असं तुम्ही धरून चाललाय. प्रत्येकजण तिथं वेगळ्या कामासाठी आला, आणि आल्यावर दुसऱ्यावर नजर ठेवायचं काम आपोआप अंगावर आलं.

फ्रेंच तर १९७७ ला देश स्वतंत्र झाला तरी गेलेच नाहीत. अमेरिका २००१ च्या हल्ल्यानंतर आली आणि फ्रेंचांच्या जुन्या छावणीत, कॅम्प लेमोनिएमध्ये उतरली. तिला येमेन आणि सोमालियातल्या अतिरेक्यांवर नजर हवी होती. सोमाली चाचे ऐन भरात असताना, २०११ मध्ये, जपानने तळ उघडला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचा परदेशातला हा पहिलाच तळ. इटलीची छावणी छोटी आहे. चीन चाच्यांच्या निमित्ताने २००८ पासून या पाण्यात होता. १ ऑगस्ट २०१७ ला, आपल्या सैन्याच्या नव्वदाव्या वर्धापनदिनी, त्याने परदेशातला पहिला तळ इथं सुरू केला. हा तळ अमेरिकन छावणीपासून शिरोली ते कोल्हापूर एवढ्याच टप्प्यावर आहे. पुढच्याच वर्षी अमेरिकेने तक्रार केली की आमच्या वैमानिकांच्या डोळ्यांवर तिकडून लेझर मारले जातात. चीनने साफ नाकारलं. शेजाऱ्यांचं नातं कसलं आहे ते यावरून ओळखा.

आता हुथींकडे, म्हणजे जहाजांवर ड्रोन सोडणाऱ्या येमेनमधल्या बंडखोरांकडे या. बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी जेमतेम ३० किलोमीटर आहे. मी तिथून जायचो तेव्हा कॅप्टन फोन करून सांगायचा, "आता काहीही झालं तरी इंजिन स्लो करायचं नाही." एका बाजूला आफ्रिका, दुसऱ्या बाजूला येमेनचे डोंगर. त्या काळी भीती चाच्यांची होती, आणि चाच्याला दोर टाकून जहाजावर चढावं लागतं. क्षेपणास्त्राला चढावं लागत नाही. १९ नोव्हेंबर २०२३ ला हुथींनी 'गॅलेक्सी लीडर' जहाजावर हेलिकॉप्टरने माणसं उतरवून ते पळवलं, आणि तिथून सगळं फिरलं. युद्धनौकेला येणारं प्रत्येक ड्रोन पाडावं लागतं, समोरच्याचं शंभरातलं एक लागलं तरी त्याचं काम झालं.

पण खरं सांगू? व्यापार पिटाळला तो विम्याच्या हप्त्याने. युद्धाच्या जोखमीचा हप्ता एरवी जहाजाच्या किमतीच्या अगदी किरकोळ भागाएवढा असतो. परिस्थिती चिघळली तेव्हा तो एक टक्क्याच्या आसपास गेला. पाच कोटी डॉलरच्या जहाजाला एका फेरीसाठी पाच लाख डॉलर. एवढ्या पैशात आफ्रिकेला वळसा घालायचं तेल येतं, आणि खलाशीही सुखरूप राहतात. मग मालक वळसाच घालणार.

एकत्र येऊन बंदोबस्त का झाला नाही, हे तुमच्या प्रश्नातलं मर्म. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने मोहीम उभी केली, तेव्हा युरोपातल्या बऱ्याच देशांना अमेरिकेच्या हाताखाली जायचं नव्हतं. त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये 'अ‍ॅस्पिडिस' ही स्वतःची वेगळी मोहीम काढली. चीन आपल्याच जहाजांना सोबत करत राहिला. आपलं नौदलही स्वतंत्रपणे फिरत होतं. इजिप्तचं तर सुएझचं उत्पन्न २०२३ मध्ये दहा अब्ज डॉलरच्या वर होतं, ते २०२४ मध्ये चार अब्जांवर आलं. तरी इजिप्त उघडपणे त्या मोहिमेत उतरला नाही, कारण गाझात बॉम्ब पडत असताना इस्रायलच्या मित्राबरोबर दिसणं कैरोच्या रस्त्यावर परवडलं नसतं. चिनी आणि रशियन जहाजांना हात लावणार नाही असं हुथी सांगत होते, तरी मार्च २०२४ मध्ये चिनी मालकीच्या 'हुआंग पू' टँकरवर क्षेपणास्त्रं आलीच. त्या एका हल्ल्यानंतर चीनने मोठा आवाज केला का? नाही. अमेरिका तिथं महागडी क्षेपणास्त्रं खर्च करत बसलीय, याचं बीजिंगला फार दुःख असावं असं मला तरी वाटत नाही.

मे २०२५ मध्ये ओमानच्या मध्यस्थीने अमेरिका आणि हुथी यांच्यात समझोता झाला. तो अमेरिकेच्या जहाजांपुरता. जुलैमध्ये 'मॅजिक सीज' आणि 'इटर्निटी सी' ही दोन जहाजं बुडवली गेली. तेव्हा उद्या कुणी "रस्ता मोकळा झाला" म्हणालं तरी लगेच जुन्या भाड्यावर कोटेशन देऊ नका. इटलीवाल्याशी एफओबीवर बोला, म्हणजे समुद्राचं भाडं त्याच्या खात्यावर जाईल. तो सीआयएफच, म्हणजे भाडं-विमा तुमच्याच अंगावर, मागत असेल तर भाडं आणि युद्धविमा बिलात वेगळा दाखवा, आणि दर बदलला तर फरक कोण भरणार ते ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडक्यांना इंग्रजांनी अंदमानला न पाठवता एडनला का पाठवलं? वर्गात मुलं विचारायची, मी "लांब म्हणून" सांगून वेळ मारून न्यायचो.
– निवृत्त शिक्षक, कागल

गुरुजी, लांब होतं हे खरंच, पण येमेनच्या किनाऱ्यावरचं एडन सरकारी दप्तरात मुंबईचंच होतं.

१९ जानेवारी १८३९ ला मुंबई सरकारच्या आरमाराने आणि पलटणींनी एडन घेतलं. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत ब्रिटिशांनी जिंकलेला हा पहिला मुलूख. ही मोहीम करणारा कॅप्टन हेन्स पुढे पंधरा वर्षं तिथला कारभारी होता. शेवटी तिजोरीच्या हिशेबात तूट निघाली म्हणून त्याला मुंबईच्याच तुरुंगात वर्षानुवर्षं डांबून ठेवलं, आणि सुटल्यावर लगेच, १८६० मध्ये, तो मुंबईत मेला. मुंबईच्या गव्हर्नराच्या हाताखाली एडन थेट १९३२ पर्यंत होतं. त्यामुळे मुंबई इलाख्यातला कैदी एडनला पाठवणं म्हणजे स्वतःच्याच एका दूरच्या ठाण्यावर पाठवणं. फडके १८८० मध्ये तिथं पोचले. पुढे तुरुंगातून निसटले, पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथंच गेले.

पण एडन इंग्रजांना कशाला हवं होतं? कोळशासाठी. वाफेची जहाजं आली तशी मुंबई ते सुएझ या वाटेवर कोळसा भरायला मधलं ठाणं लागलं. नंतर सुएझ कालव्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा सामुद्रधुनीच्या मधोमध असलेलं पेरिम बेट १८५७ मध्ये इंग्रजांनी धरून ठेवलं. फ्रेंच गप्प बसतात होय? त्यांनी १८६२ मध्ये समोरच्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ओबोक हे बंदर स्थानिक अफार सरदारांकडून दहा हजार थेलर, म्हणजे चांदीची नाणी, मोजून घेतलं. आजच्या जिबूतीचा पाया तो. कालवा १८६९ मध्ये उघडला, त्याच वर्षी एका इटालियन जहाज कंपनीने आजच्या इरिट्रियातल्या असाबची जमीन विकत घेतली.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मटणाची आहे. एडनमध्ये ना पाणी ना चारा. तिथल्या पलटणींना मटण यायचं समोरच्या सोमाली किनाऱ्यावरून, बर्बेऱ्याहून. ते दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ नये म्हणून इंग्रजांनी १८८४ च्या सुमारास तो किनाराही आपल्या संरक्षणाखाली घेतला, आणि त्याचा कारभार १८९८ पर्यंत हिंदुस्थान सरकारकडे होता. कोळशासाठी एडन, एडनसाठी मटण, मटणासाठी सोमालीलँड. मटणाचं महत्त्व कोल्हापूरकराला मी काय सांगणार! साम्राज्याचा एक तुकडा असाही वाढतो, हे मुलांना सांगितलंत तर त्यांच्या लक्षात राहील.

सर, मी राज्यसेवेची तयारी करतो. जिबूती हा देश अमेरिकेच्या गोटात समजायचा की चीनच्या? अभ्यासिकेत यावरून दोन तट पडलेत.
– एक विद्यार्थी, राजारामपुरी

अरे बाळा, तू राजारामपुरीत खोली घेऊन राहतोस ना? तुझ्या मालकाच्या माडीवर पाच भाडेकरू आहेत असं धर. त्यातल्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही, पण भाडं सगळे एक तारखेला देतात. मालक कुणाच्या गोटातला? त्याला एकच काळजी असते, की भांडण व्हावं पण कुणी खोली सोडून जाऊ नये. जिबूतीचा हिशेब इथून सुरू कर.

देश केवढा? आपल्या जिल्ह्याच्या तिप्पट क्षेत्रफळ आणि माणसं जेमतेम दहा लाख, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या पाव भागाहून थोडी जास्त. बारमाही नदी नाही, शेती नाही म्हटली तरी चालेल. असाल नावाचं खारं सरोवर समुद्रसपाटीच्या दीडशे मीटर खाली आहे, ती आफ्रिकेतली सगळ्यात खोल जागा. उन्हाळ्यात आमच्या इंजिनरूममधून वर डेकवर आलं तरी थंड वाटायचं नाही, असं बंदर मी दुसरं पाहिलं नाही. गावात दुपारी एकच गडबड असायची. इथिओपियाहून खातची ताजी पानं यायची. ती चघळली की तरतरी येते. पानांची गाडी आली की अर्धं गाव तिकडे पळायचं, आणि त्यानंतर बंदरावर कुणाकडून काम करून घेणं म्हणजे दिव्य.

अशा गावाकडे विकायला काय आहे? जागा. आणि ते ती फार हुशारीने विकतात. २०१४ मध्ये अमेरिकेशी करार नवा झाला तेव्हा भाडं वर्षाला सहा कोटी डॉलरच्या वर गेलं. चीनचं दोन कोटींच्या घरात सांगतात. शेजारी इथिओपिया, बारा कोटींचा देश. १९९३ मध्ये इरिट्रिया वेगळा झाला आणि इथिओपियाचा समुद्रच गेला. आता त्याच्या परदेशी व्यापाराचा नव्वद टक्क्यांहून जास्त माल जिबूतीतून जातो. हे उत्पन्न तळांच्या भाड्याहूनही महत्त्वाचं. आणि मालक कडक आहे. दुबईच्या डीपी वर्ल्डने तिथं दोरालेहचं कंटेनर टर्मिनल उभं केलं होतं, करार तीस वर्षांचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये सरकारने ते ताब्यात घेतलं. लंडनच्या लवादाने दुबईच्या बाजूने निकाल दिले तरी ताबा सोडला नाही. दुबईवाल्यांनी मग सोमालियातून फुटलेल्या शेजारच्या सोमालीलँडमध्ये बर्बेऱ्याचं बंदर वाढवलं. रशियालाही या किनाऱ्यावर जागा हवी आहे. सुदानशी २०२० मध्ये तळाचा करार जाहीर झाला, तळ काही उभा राहिला नाही.

भाड्याचा पैसा घराघरात पोचतो असं मात्र समजू नकोस. १९९९ पासून एकच राष्ट्राध्यक्ष आहेत, इस्माईल उमर गुएल्ले. शहराबाहेर बलबलाची पत्र्याची वस्ती आहे, तिथून तळांचे दिवे दिसतात. पाच मोठे देश लोकशाहीची भाषणं जगभर देतात, निदान त्यातले चार तरी. पण जागामालकाला निवडणुकीचा हिशेब कुणी फारसा विचारत नाही. ही गोष्ट मुलाखतीत बोलायची की नाही, ते तू समोरचं पॅनल बघून ठरव.

आता याच्या उलट उदाहरण, आणि ते नीट वाच, कारण मला वाटतं अख्ख्या विषयाची किल्ली इथं आहे.

सोमालियाचा सियाद बारे १९६९ मध्ये सत्तेवर आला. त्याने सोव्हिएत संघाला बर्बेऱ्यात जागा दिली आणि १९७४ मध्ये मैत्रीचा करार केला. बदल्यात रणगाडे, विमानं, प्रशिक्षण. त्याच वेळी शेजारचा इथिओपिया अमेरिकेचा. तेव्हा इथिओपियात असलेल्या अस्मारात कॅग्न्यू नावाचं अमेरिकेचं रेडिओ ऐकायचं मोठं ठाणं होतं. सप्टेंबर १९७४ मध्ये सम्राट हैले सेलासींना लष्कराने पायउतार केलं आणि तिथंही लाल झेंड्याची भाषा सुरू झाली. मॉस्कोला वाटलं, दोन्ही आपलेच, दोघांना एकत्र बसवू. फिदेल कास्ट्रो १९७७ च्या मार्चमध्ये समेट करायला गेलाही होता.

सियाद बारेला मात्र ओगादेन हवा होता. इथिओपियातला हा मुलूख, पण तिथली वस्ती सोमाली. जुलै १९७७ मध्ये त्याने सोव्हिएत शस्त्रं घेऊन हल्ला केला, आणि सप्टेंबरपर्यंत जिजिगा शहर घेतलं. मग मॉस्कोने बाजू बदलली. नोव्हेंबरमध्ये सोमालियाने सोव्हिएत सल्लागारांना हाकलून दिलं. त्या हिवाळ्यात इथिओपियात विमानांनी शस्त्रं उतरली, हजारो क्यूबन सैनिक आले, आणि मार्च १९७८ मध्ये जिजिगा परत गेलं. ज्यांनी सोमाली फौज शिकवून तयार केली, तेच आता तिच्याविरुद्धच्या लढाईची आखणी करत होते. १९८० मध्ये अमेरिकेने सोमालियाशी करार केला, आणि सोव्हिएतांनी बांधलेली बर्बेऱ्याची धावपट्टी अमेरिकेला मिळाली. तीन वर्षांत दोन्ही देशांचे पाहुणे अदलाबदल! अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे सल्लागार ब्रेझिन्स्की पुढे म्हणाले की अण्वस्त्रांवर मर्यादा घालायचा सॉल्ट करार ओगादेनच्या वाळूत गाडला गेला. म्हणजे ज्या वाळवंटात धड विहीर नाही, त्याची धग वॉशिंग्टन आणि मॉस्कोपर्यंत गेली.

शेवट काय? शीतयुद्ध संपलं, शस्त्रं थांबली. जानेवारी १९९१ मध्ये सियाद बारे पळाला, मे महिन्यात इथिओपियाचा लष्करशहा मेंगिस्तू पळाला. एकाच वर्षी दोघंही.

जिबूतीचा फरक इथं आहे. त्याने कुणाच्याही शस्त्रांवर विसंबून शेजाऱ्याची जमीन मागितली नाही. फक्त भाडं मागितलं. अभ्यासिकेतल्या दोन्ही तटांना सांग, की या भागातल्या कुठल्याही देशाचा प्रश्न आला तर "कोणाच्या गोटात" याआधी "त्याला स्वतःला काय हवंय" हे लिहा. इथिओपियाला समुद्र हवाय. म्हणून १ जानेवारी २०२४ ला त्याने सोमालीलँडशी बंदराचा समझोता केला, सोमालिया भडकला, आणि डिसेंबरमध्ये तुर्कस्तानने दोघांना अंकाऱ्यात बसवून वाद तात्पुरता मिटवला. तुर्कस्तान कुठून आला? त्याचा मोगादिशूत २०१७ पासून लष्करी प्रशिक्षणाचा तळ आहे. जगाच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारे देशही तिथं आता मॉनिटर व्हायला बघतात. हे "अमेरिका विरुद्ध चीन" या एका ओळीत बसत नाही.

चीन आधी कर्ज देतो आणि मग बंदर गिळतो, असं व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. जिबूतीचं तसंच झालं का?
– बँकेतील कर्मचारी, इचलकरंजी

तुम्ही बँकेतले, तुम्हाला कर्जदाराचंही बळ माहीत असणार. जिबूतीच्या परकीय कर्जात चीनचा वाटा मोठा आहे हे खरं. पण अदिस अबाबा ते जिबूती ही साडेसातशे किलोमीटरची विजेची रेल्वे बघा. चिनी कंपन्यांनी बांधली, पैसा मुख्यतः चिनी बँकेचा. इथिओपियाला हप्ते झेपेनात, तेव्हा २०१८ मध्ये परतफेडीची मुदत दहावरून तीस वर्षांवर गेली. रूळ उखडून कुणी नेले नाहीत. सावकार अडकला की तोही मुदत वाढवतो. बाकी व्हॉट्सअ‍ॅपचं मी काय बोलणार.

मी मराठा लाईट इन्फन्ट्रीतून निवृत्त. आमच्या घरात आजोबांच्या तोंडून केरनच्या लढाईची गोष्ट ऐकलीय. ज्या भागात आपल्या माणसांनी रक्त सांडलं, तिथं आज जपान-इटलीचे तळ आणि भारताचा नाही. का?
– माजी सुभेदार, सैनिक टाकळी

सुभेदारसाहेब, रामराम. केरन आज इरिट्रियात आहे. फेब्रुवारी आणि मार्च १९४१ मध्ये चौथ्या आणि पाचव्या हिंदी डिव्हिजननी तिथले उभे कडे चढून इटालियन फौज हटवली, त्यात मराठ्यांची तिसरी पलटण होती. केरन पडलं म्हणून एप्रिलमध्ये मसावा बंदर पडलं. त्याच महिन्यात रूझवेल्टने तांबडा समुद्र युद्धक्षेत्रातून वगळला. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती, पण त्यामुळे तिची मालवाहू जहाजं थेट सुएझपर्यंत सामान आणू लागली. आजोबा ज्या डोंगरासाठी लढले, त्याचा खरा हिशेब समुद्रात होता.

तळाचं म्हणाल तर माझं मत सरळ आहे: नको. गरज पडली तेव्हा दार उघडलं गेलंय. एप्रिल २०१५ मध्ये येमेनमधून आपली माणसं काढायची होती, 'ऑपरेशन राहत'. नौदलाने एडन आणि होदेदाहून माणसं उचलली, सानाहून एअर इंडियाची विमानं आली, आणि सगळे जमले जिबूतीत. परराष्ट्र राज्यमंत्री जनरल व्ही. के. सिंग तिथंच तळ ठोकून होते. साडेचार हजारांहून जास्त भारतीय आणि एकेचाळीस देशांचे इतर नागरिक बाहेर आले. हे सगळं एक चौरस फूट जागा भाड्याने न घेता.

२०१८ मध्ये फ्रान्सशी करार झालाय, त्यानुसार दोघांची जहाजं एकमेकांच्या तळांवर तेल-पाणी घेऊ शकतात. ओमानमध्ये दुक्म बंदराची सोय आहे. मॉरिशसच्या अगालेगा बेटावर भारताने बांधलेली धावपट्टी २०२४ मध्ये सुरू झाली. नौदल एडनच्या आखातात २००८ पासून गस्त घालतंय. मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने 'रुएन' जहाजावरच्या ३५ चाच्यांना शरण आणलं आणि १७ खलाशी सोडवले, तेही आपल्या किनाऱ्यापासून हजाराहून जास्त मैलांवर. स्वतःचा तळ घेतला की तो राखायला फौज, फौजेला रसद, आणि शेजारच्या तळावर कोण आलं-गेलं त्याची चिंता. एडनच्या मटणाची गोष्ट वर सांगितलीच आहे. तुम्हाला हे पटणार नाही, माहीत आहे. पलटणीतल्या माणसाला झेंडा रोवलेला दिसावा लागतो.

भाऊ, माझा मुलगा जहाजावर फोर्थ इंजिनिअर आहे. पुढच्या महिन्यात नवीन जहाजावर जायचंय आणि ते तांबड्या समुद्रातून जाईल असं एजंट म्हणतो. पोरगा म्हणतो, "आई, पगार डबल मिळतो." पाठवू का नको?
– एक आई, आजरा

ताई, पाठवा की नको हे मी सांगणार नाही. पण सही करण्याआधी काय बघायचं ते सांगतो.

डबल पगार हा बक्षीस नाही, जोखमीची किंमत आहे. खलाशांच्या संघटना आणि जहाजमालक यांच्यात जो आंतरराष्ट्रीय करार असतो, त्यात एखादा भाग युद्धसदृश म्हणून जाहीर झाला की तिथं असेतो मूळ पगार दुप्पट, मृत्यू किंवा अपंगत्वाची भरपाई दुप्पट, आणि सगळ्यात मोठं म्हणजे तिथं जायला नकार देण्याचा हक्क मिळतो. नकार दिला तर कंपनीने स्वतःच्या खर्चाने घरी पाठवायचं असतं. पण हे सगळं त्याचं जहाज त्या करारात असेल तरच. सगळी जहाजं नसतात. म्हणून नेमणुकीच्या कागदावर कुठला करार लागू आहे ते लिहिलेलं असलं पाहिजे, आणि एजंटकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याचा, परवाना आहे का ते त्यांच्या वेबसाइटवर बघता येतं. "सगळं असतंय ओ काकू" असं तोंडी सांगणाऱ्या एजंटवर विश्वास ठेवू नका.

दुसरं, धोका सगळ्या जहाजांना सारखा नसतो. मालक कोण, त्याच कंपनीची दुसरी जहाजं कुठल्या बंदरांना जातात, यावरून हुथी निशाण ठरवतात. त्यांची माहिती जुनीही असते, मग मालक बदललेलं जहाजही सापडतं. मार्च २०२४ मध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स'वर तीन खलाशी गेले, २१ जणांना आपल्या 'कोलकाता'ने वाचवलं. 'गॅलेक्सी लीडर'चे २५ जण जानेवारी २०२५ मध्ये सुटले, वर्षाहून जास्त काळाने. बरीच जहाजं काही न होता पारही झाली. मुलाला हे सगळं माहीत असतं, तो तुम्हाला सांगत नाही एवढंच. मीही माझ्या आईला सांगायचो नाही.

इंजिनवाल्यांसाठी एक खास गोष्ट. क्षेपणास्त्र किंवा बोटीतलं स्फोटक अनेकदा पाण्याच्या पातळीजवळ, इंजिनरूमच्या अंगाला लागतं. त्या पट्ट्यातून जाताना खाली कमीत कमी माणसं ठेवायची आणि बाकीच्यांनी सुरक्षित खोलीत बसायचं, असा नियम जहाजावर पाळला जातो का, हे त्याने आधीच्या बॅचच्या पोरांना विचारावं. कंपनीचं उत्तर एक असतं, पोरांचं दुसरं.

जहाजाचा झेंडा कुठला आणि कागदावर कराराचं नाव काय लिहिलंय, एवढं मासिकाच्या पत्त्यावर कळवा. मुलाचं आणि कंपनीचं नाव लिहू नका, त्याची गरज नाही. कलम कुठं बघायचं ते मी पुढच्या अंकाची वाट न बघता पत्राने कळवतो.